उशिरा फुलणारा नर

बीर लाहमर गावच्या बागायतदारांनी पिस्त्याची झाडं तोडायचं ठरवलं, त्या सभेला दलेंदालाही बोलावलं होतं. सल्ला कुणालाच नको होता. फळसंशोधन केंद्राच्या बाई इतकी वर्षं येताहेत, त्यांच्या कानावर तरी घालावं, एवढाच त्यामागे शिष्टाचार. सभा बागायतदार संस्थेच्या जुन्या तेलघाण्यात भरली होती. फेब्रुवारी चालू होता, बाहेर बदाम फुलले होते आणि सगळे पुरुष नुसत्या सदऱ्यावर बसले होते. स्फाक्सच्या किनाऱ्याला पूर्वी हिवाळा म्हणून जे काही यायचं, ते या वर्षीही फिरकलं नव्हतं.

संस्थेचे अध्यक्ष सी मुंजी, म्हणजे मुंजीराव, उभे राहिले. साठी उलटलेला, रुंद खांद्यांचा माणूस, डोक्यावर लाल शेशिया टोपी. बोलण्यात घाई नाही आणि बोललं की मागे फिरणंही नाही.

"भावांनो, लपवण्यासारखं काही राहिलं नाही. गेली तीन वर्षं आपण टरफलं वेचतोय. घोस लागतात, दिसायला देखणे, आणि फोडून बघावं तर आत वारा! मी म्हणतो, पिस्ते काढा आणि ऑलिव्ह लावा. करवतवाल्याशी माझं बोलणं झालंय." मग त्यांना आठवण झाली. "मादाम दलेंदा, तुम्हाला काही बोलायचंय?"

दलेंदाने चहाचा पेला खाली ठेवला. पंचेचाळिशीची ठेंगणी बाई, केसांचा घट्ट अंबाडा, पायांत चिखलाचे बूट. तिचा आवाज मात्र तिच्या उंचीला शोभणारा नव्हता. तो घाण्याच्या पार शेवटच्या भिंतीपर्यंत पोचायचा.

"बोलायचंय. झाडं तोडू नका. या ऑगस्टात मी तुम्हाला भरलेले पिस्ते दाखवते."

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "दोन वर्षांपूर्वी खत घालायला लावलंत, गेल्या वर्षी पाणी मोजायला लावलंत. आता काय, झाडांना गाणी म्हणून दाखवायची?"

"खताचं आणि पाण्याचं माझं चुकलं," दलेंदा म्हणाली. "मी झाडाच्या पोटात बघत बसले. बघायला हवं होतं त्याच्या संसारात." ती उठून मध्ये आली. "पिस्त्याचा नर वेगळ्या झाडावर, मादी वेगळ्या झाडावर, हे तुम्हाला मी सांगायला नको. मधमाशी मध्ये पडत नाही, सगळं लग्न वाऱ्यावर. थंडी नीट पडली की दोघं एकदम जागी होतात. आता थंडी पडत नाही. नराचं थोडक्यात भागतं, तो लवकर उठतो आणि पराग उधळून मोकळा होतो. मादीची झोपच पुरी होत नाही, ती उशिरा उठते. गेल्या एप्रिलात मी इथं रोज येऊन पाहिलंय. मादीची फुलं उघडलेली, आणि नराचे तुरे खाली मातीत वाळून पडलेले."

"म्हणजे नवरा जेवून, हात धुऊन झोपला, आणि बायकोनं आत्ता कुठं चूल पेटवली!" मघाचाच माणूस ओरडला आणि या वेळी दलेंदाही हसली.

"अगदी तसंच. मला उशिरा फुलणारा नर हवाय. तो सापडला की त्याचा पराग आणून मादीवर टाकायचा."

"आणि नाही सापडला तर?" सी मुंजींनी विचारलं.

"सापडेल."

तिनं ते इतक्या सहज सांगितलं, की कुठं सापडेल हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. सी मुंजींनी मिशीवरून हात फिरवला.

"ठीक आहे. पण सगळी बाग तुमच्या हाती देणार नाही. रस्त्याच्या पूर्वेची बाग माझी आहे. तिला चिमूटभर पराग लागता कामा नये. पश्चिमेच्या ओळी इतरांच्या, त्यांची तयारी असेल तर तिकडे काय ते करा. ऑगस्टात दोन्हीकडचे पिस्ते शेजारी शेजारी ठेवू. माझ्या बाजूपेक्षा तुमची बाजू सरस नसली, तर पहिली करवत तुमच्या देखत चालवेन."

त्यांना वाटलं होतं, बाई कचरतील. दलेंदाचा चेहरा उजळला.

"सी मुंजी, हेच मी मागणार होते. अर्धी बाग तशीच सोडल्याशिवाय पडताळा कसा मिळणार? आणि वारा समुद्राकडून येतो, म्हणजे तुमची बाग वरच्या अंगाला. माझा पराग उडून तुमच्याकडे जाणारच नाही. मी निवडलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं."

सी मुंजींना आपण नेमकं काय कबूल केलं, हे घरी जाईपर्यंत कळेना.

केंद्राचे प्रमुख सी शुक्री यांच्या कानावर ही बातमी दलेंदाच्या आधी पोचली होती. ते सावध माणूस. शंभरदा तपासल्याशिवाय ते लिंबाला आंबट म्हणाले नसते.

"भरलेले पिस्ते दाखवते म्हणालीस? दलेंदा, आपण प्रयोग करतो, वचनं देत नाही. तीन हंगाम नोंदी झाल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं."

"तिसऱ्या हंगामात नोंदी कशाच्या करायच्या? बुंध्यांच्या?"

"आणि नर नाही मिळाला तर? नाव केंद्राचं जाईल."

"नर आहेत. बियांपासून आपोआप उगवलेली झाडं या मुलखात कमी नाहीत, आणि त्यांत प्रत्येकाची वेळ वेगळी. एखादा तरी आळशी असणारच."

सी शुक्रींनी चष्मा पुसला, परत घातला आणि टेबलाच्या खणातून गाडीची किल्ली काढून तिच्यापुढे सरकवली. "गाडी घेऊन जा. मी काही ऐकलेलं नाही."

मार्चच्या मध्यापासून दलेंदा रस्त्यावर होती. नराला फळ येत नाही, म्हणून लोक कुऱ्हाड हातात आली की पहिली त्याच्यावर चालवतात. तेव्हा नर शोधायचा तर जिथं कुणाला झाडाकडून फळाची अपेक्षाच नाही तिथं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. शाळांची मैदानं, बंद पडलेली रेल्वे स्टेशनं, पिराच्या थडग्यामागची कुंपणं, दवाखान्यांची मागची अंगणं, सगळीकडे ती हिंडली. नर सापडलेही. पण ज्याच्या त्याच्या तुऱ्यांना बोट लावावं, तर कुणी दहा दिवसांपूर्वी फुलून गेलेला, कुणी आदल्याच आठवड्यात. एप्रिल अर्धा सरला. बीर लाहमरच्या माद्यांचे कळे फुगायला लागले. घरी तिचा नवरा हिशाम, जो मुलांना गणित शिकवायचा, तिला म्हणाला, "आता उरलेल्या शक्यता फार थोड्या आहेत."

"थोड्या उरल्या म्हणजे शोधायला सोपं," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाली.

त्या दिवशी दुपारी शहराच्या वेशीवर पेट्रोल भरायला थांबली असताना तिच्या शेजारी एक काळी लांबलचक गाडी उभी राहिली. बॉनेटवर फितींची फुलं, आरशांना पांढरी जाळी, लग्नाची भाड्याची गाडी. आणि त्या काळ्या झुळझुळीत टपावर पिवळ्या धुळीचा थर. ड्रायव्हर फडकं घेऊन उतरला आणि तोंडानं काहीबाही पुटपुटत पुसायला लागला.

दलेंदा आपल्या गाडीतून जवळजवळ उडी मारूनच बाहेर आली. तिनं टपावर बोट फिरवलं, वास घेतला, चिमटीत चोळून पाहिलं.

"अहो मादाम, हात लावू नका, आत्ताच पुसलंय!"

"गाडी कुठं उभी केली होतीत?"

"कुठं म्हणजे? लल्ला जनातच्या मंगल कार्यालयात. त्यांच्या अंगणात एक नतद्रष्ट झाड आहे, त्याच्याखाली सावली म्हणून उभी केली. सावली नावाला, आणि वर ही हळद!"

"कधी? आज?"

"आज सकाळी. का, तुम्हालाही लग्न करायचंय?"

दलेंदा उत्तर द्यायलाही थांबली नाही.

लल्ला जनात, म्हणजे जनातबाई, फाटकातच उभ्या होत्या. पंचावन्नच्या आसपासची भरदार बाई, मेंदीनं तांबूस केलेले केस, दोन्ही हातांत सोन्याच्या बांगड्या आणि एका हातात सिगारेट. केंद्राची सरकारी गाडी पाहून त्या स्वतःच पुढे आल्या.

"आलात एकदाचे! नगरपालिकेला कळवून कळवून थकले. ते बघा, ते झाड. आजच्या आज पाडा."

"मी नगरपालिकेची नाही, लल्ला जनात."

"मग कुणाचीही असा. पाडा! काल एका नवरीचा पांढरा झगा लिंबासारखा पिवळा झाला. तिची सासू सगळ्यांपुढे म्हणते, हा अपशकुन आहे. माझ्या कार्यालयात अपशकुन! वाजंत्रीवाले शिंकतात, केकवर धूळ बसते. हे झाड ना फळ देतं, ना फूल धड देतं."

झाड जुनं होतं, भिंतीला टेकून वाढलेलं. पानं नुकती डोकं वर काढत होती आणि फांद्याफांद्यांवर तपकिरी-हिरवे तुरे दाटून लोंबत होते. निम्मे उघडलेले, निम्मे अजून मिटलेले. दलेंदाने एका तुऱ्याखाली तळहात धरला आणि टिचकी मारली. तळहात पिवळा झाला. ती मोठ्यानं हसली, इतकी की लल्ला जनात दोन पावलं मागे सरकल्या.

"लल्ला जनात, तुमच्या दारात नवरा उभा आहे, आणि तुम्ही त्याला हाकलताय!"

"बाई गं, नवरा मी एकदा हाकललाय. मला सवय आहे."

मग दलेंदाने तिथंच पायरीवर बसून त्यांना सगळं सांगितलं. बीर लाहमर, पोचट पिस्ते, लवकर उठणारे नर, करवतवाला. लल्ला जनात सिगारेट विझवून ऐकत राहिल्या. लग्नं जुळवणं आणि लावणं हा त्यांचा धंदा. वेळ चुकली की काय होतं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"मी यावरचे सगळे तुरे काढून नेते," दलेंदा म्हणाली. "एकही ठेवत नाही. धूळ तिथंच संपली. बदल्यात तुम्ही झाडाला हात लावायचा नाही, आज नाही, पुढंही नाही. दरवर्षी याच सुमाराला मी येऊन तुरे काढेन."

"शनिवारी माझ्याकडे लग्न आहे."

"शनिवारी नवरीला झाडाखाली उभी करून फोटो काढा."

लल्ला जनातनी टाळी वाजवली. आतून वाढपी धावत आले. "शिड्या आणा! आणि चादरी, टेबलांवरच्या पांढऱ्या! अरे त्या नाही, धुतलेल्या आणा, मादामच्या कामाला डाग चालत नाही!" अंधार पडायच्या आत झाड उघडंबोडकं झालं, आणि लग्नाच्या टेबलांवर घालायच्या चादरींची भलीमोठी गाठोडी दलेंदाच्या गाडीत बसली.

घरी तिनं जेवणाच्या टेबलावर, पलंगावर, हिशामच्या कपाटावर कागद पसरून तुरे वाळत घातले. खिडक्या बंद. रात्रीतून मिटलेले तुरे उघडले आणि कागदांवर पिवळं पीठ साचलं. हिशाम एकसारखा शिंकत होता.

"आपण जेवायचं कुठं?"

"उभ्यानं."

पराग बारीक चाळणीतून चाळून तिनं काचेच्या बरणीत भरला आणि फ्रिजमध्ये हरिसाच्या चटणीशेजारी ठेवला. सकाळी केंद्रात जाऊन साखरेच्या पाण्याच्या थेंबात त्यातले थोडे कण टाकले, तासाभरानं सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि सी शुक्रींना बोलावलं. ते बराच वेळ डोळा लावून वाकून राहिले. जिवंत परागकणाला थेंबात केसासारखी बारीक नळी फुटते. मेलेला तसाच पडून राहतो.

"नळ्या फुटल्यात," ते म्हणाले.

"बहुतेक सगळ्यांना."

त्यांनी पाठ सरळ केली. "घरच्या फ्रिजमध्ये ठेवलंयस? चटणीजवळ? वेडी आहेस का? माझ्या खोलीतली शीतपेटी रिकामी करून देतो." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठा आशीर्वाद कुणी कधी ऐकला नव्हता.

आठवड्याभरानं बीर लाहमरच्या माद्या उघडल्या. फांद्यांच्या टोकांना तांबूस-हिरवी, ओलसर फुलं चमकायला लागली. आणि त्याच संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, की उद्या दुपारपर्यंत शहीली येणार. शहीली म्हणजे वाळवंटाकडून येणारा भाजका वारा. तो लागला की ओली फुलं तासाभरात करपतात, आणि तो येतो पश्चिमेकडून, म्हणजे टाकलेला पराग उचलून थेट सी मुंजींच्या बागेत नेऊन टाकला असता. सी शुक्रींनी फोनवर सांगितलं, "वारा जाऊ दे, मग कर." दलेंदा म्हणाली, "वारा गेल्यावर फुलं उरणार नाहीत. उजाडताच करते."

तांबडं फुटलं तेव्हा निम्मं गाव पश्चिमेच्या बागेत हजर होतं. पुरुषांनी लांब वेतांच्या काठ्या आणल्या, बायकांनी जुन्या मलमलीच्या पुरचुंड्या शिवून आणल्या. दलेंदाने पराग बारीक पिठात मिसळला, पुरचुंड्या भरल्या, काठ्यांच्या टोकांना बांधल्या.

"आपटायचं नाही, हलकेच थोपटायचं. बाळाच्या अंगाला पावडर लावता तसं. आणि रस्ता ओलांडायचा नाही! पूर्वेकडे कुणाची पुरचुंडी दिसली तर माझ्याशी गाठ आहे."

सी मुंजी रस्त्यावर हातांची घडी घालून पहारा देत उभे होते. त्यांची बायको सालहा मात्र सगळ्यांत पुढे काठी धरून होती. दिराच्या ओळी तिच्या वाट्याला आल्या होत्या. समुद्राकडून येणारी झुळूक अगदी मंद होती. झाडांवर पिवळसर धूर तरंगत होता आणि बायका लग्नातली गाणी म्हणत होत्या, मधूनच जिभेनं ललकारी देत होत्या.

"नवरदेव आला गं! पिठाच्या पिशवीतून आला!"

ऊन तापायच्या आत शेवटची ओळ झाली. सगळे घाण्याच्या भिंतीला टेकून ब्सीसा, म्हणजे तेलात कालवलेलं भाजक्या धान्याचं पीठ, खात बसले असतानाच शहीली आली. तव्यावरून यावी तशी झळ, आणि क्षितिज तांबूस. झाडं वाकून वाकून सळसळत होती. दलेंदाच्या मनात तेव्हा पाल चुकचुकली नाही असं नाही. तासा-दोन तासांचा अवधी पुरला असेल ना? नळी आत शिरली असेल ना? पण तिनं घास संपवला, हात झटकले आणि म्हणाली, "झालं. आता ऑगस्ट."

जूनमध्ये ती बागेत आली, तेव्हा सी मुंजी तिची वाटच बघत होते. त्यांनी तिला हाताला धरून आपल्या पूर्वेच्या बागेत नेलं.

"बघा, मादाम! माझ्याकडेही घोस आहेत. तुमच्या पिठाशिवाय! थोडे कमी असतील, पण हे बघा, कसे गरगरीत!"

खरंच होते. पश्चिमेला दाट होते, इकडे विरळ, पण दाणा दिसायला तसाच. गावात कुजबुज सुरू झाली. करवतवालाही एकदा मोटारसायकलवरून चक्कर मारून गेला.

"टरफल मादी एकटी बनवते, सी मुंजी," दलेंदा म्हणाली. "गर दोघांचा असतो."

"हे तुम्ही पुस्तकातलं सांगताय."

"मी पाण्यातलं सांगेन. पीक उतरलं की टपं भरून ठेवा."

ऑगस्टात पिस्ते झोडपून उतरवले, वरची गुलाबी साल काढली, आणि संस्थेच्या अंगणात पाण्याची मोठी टपं मांडली. गाव तर जमलंच, सी शुक्री स्वतः आले, आणि लल्ला जनात उंच टाचांच्या चपला घालून, मिठाईचे खोके घेऊन आल्या. "माझ्या घरचा नवरा आहे, बघायला नको?" त्या म्हणाल्या आणि पहिल्या रांगेत खुर्ची ओढून बसल्या.

"भरलेला बुडतो, पोचट तरंगतो," दलेंदाने सांगितलं. "मला काही बोलायचं नाही. ओता."

पहिली टोपली पश्चिमेची. सी मुंजींच्या भावानं ती टपात उपडी केली. खळखळाट झाला, पाणी डचमळलं, आणि पिस्ते तळाला गेले. वर थोडेफार तरंगत राहिले, पण बाकीचे सगळे खाली, खड्यांसारखे. मग दुसरी टोपली, तिसरी टोपली. तीच गत. बायकांनी ललकारी दिली.

मग सी मुंजींनी स्वतःच्या हातानं आपली टोपली ओतली. पाणी दिसेनासं झालं; पृष्ठभागावर नुसता टरफलांचा तराफा. त्यांनी हात घालून खाली दाबले, हात काढला की पुन्हा वर. दुसरी टोपली तशीच. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता, पण माणूस ताठ होता. "ओता, अजून ओता," ते म्हणाले. "मी शब्द दिलाय, शेवटपर्यंत बघणार."

आणि पूर्वेची शेवटची टोपली ओतली, तर ती सगळी बुडाली.

अंगणात गलका उसळला. सी मुंजींनी टपात वाकून पाहिलं, मूठभर पिस्ते काढले, एक दातांनी फोडला. आत हिरवा, घट्ट भरलेला गर.

"ही टोपली माझी आहे! विहिरीजवळच्या झाडाची! मादाम, हे कसं? तुमच्या पिठाशिवाय हे झाड भरलं!"

आता दलेंदाच्या कपाळावर आठी पडली. सी शुक्री तिच्याकडे बघत होते. एकच झाड, बागेच्या ऐन मध्यावर, आणि आजूबाजूची सगळी पोचट. वाऱ्यानं गेलं म्हणावं, तर वारा निवडून एकाच झाडावर बसत नाही. तिनं हळूच सगळ्यांवरून नजर फिरवली. बायकांच्या घोळक्यात सालहा डोक्यावरची ओढणी विनाकारण सारखी करत होती.

"खाला सालहा," दलेंदा मावशीला हाक मारावी तशी म्हणाली, "तुमच्या पुरचुंडीत त्या दिवशी काही उरलं होतं का?"

सालहाने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग हनुवटी वर केली.

"उरलं होतं. मग काय टाकून देऊ? हे रस्त्यावर पहारा देत होते, मी मागच्या बांधावरून गेले. एकच झाड केलं, विहिरीजवळचं. त्याची सावली मला सैपाकघरातून दिसते."

"मी सांगितलं होतं ना, माझ्या बागेला पराग नको!" सी मुंजी गरजले.

"तुम्ही सांगितलं होतंत. झाडाला कुणी विचारलं होतं?"

अंगण असं हसलं, की घाण्याच्या छपरावरची कबुतरं उडाली. लल्ला जनात खुर्चीवरून उठून सालहाला मिठी मारायला गेल्या. सी मुंजी मधोमध उभे, हातात फोडलेला पिस्ता, कान लाल. हसू दाबायचा त्यांनी आटोकाट प्रयत्न केला. शेवटी मिशीआडून ते फुटलंच.

"मला रागवायला हवं," दलेंदा म्हणाली. "तुम्ही माझा प्रयोग नासवलात, खाला."

"नासवला?" सी शुक्री पहिल्यांदाच बोलले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, टपातले पिस्ते हातात घेऊन न्याहाळले. "तीच माती, तेच पाणी, तोच मालक. शेजारची झाडं फोल आणि हे एकटं भरलेलं. दलेंदा, याहून चांगला पुरावा तुलासुद्धा रचता आला नसता."

करवतवाल्याला सी मुंजींनी त्याच संध्याकाळी येऊ नको म्हणून निरोप धाडला. पण दलेंदाचं काम संपलं नव्हतं. दरवर्षी गावानं पुरचुंड्या घेऊन हिंडायचं, हे काही खरं नाही. सप्टेंबरात लल्ला जनातनी आपल्या अंगणातल्या झाडाच्या फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून स्वतःच्या गाडीनं आणल्या. बागेतल्या लवकर उठणाऱ्या नरांच्या फांद्यांवर दलेंदाने त्यांचे डोळे भरायला सुरुवात केली. सालीला काप द्यायचा, डोळा आत सरकवायचा, पट्टी घट्ट गुंडाळायची. सी मुंजी शेजारी बसून पट्ट्या कापून देत होते.

"सी शुक्री म्हणतात, अजून दोन वर्षं पडताळा हवा," ती काम न थांबवता म्हणाली. "म्हणजे अजून दोन वर्षं कुणीतरी आपल्या काही ओळी परागाशिवाय सोडायला हव्यात. मी सगळ्यांना विचारून आले. एकजण तयार होईल तर शपथ!"

"कोण होणार? घरात भरलेले पिस्ते आलेत, आता पोचट कोण मागून घेईल?" सी मुंजींनी पट्टी ताणून पाहिली. "माझ्याच ओळी घ्या. दोन ओळी, समुद्राकडच्या. पण त्या आठवड्यात सालहाला तिच्या बहिणीकडे पाठवायची जबाबदारी तुमची."

"ती जाणार नाही."

"मग पहारा तुम्ही द्या. मला ती जुमानत नाही, हे अख्ख्या गावानं पाहिलंय."

दोन्ही वर्षी हिवाळे तसेच कोमट गेले. दोन्ही वर्षी पुरचुंड्या फिरल्या आणि समुद्राकडच्या त्या दोन ओळी सोडून बाग भरली. त्यानंतरच्या एप्रिलात भरलेल्या डोळ्यांच्या फांद्यांवर पहिले तुरे आले, माद्या उघडल्या त्याच दिवसांत. सी शुक्रींनी अहवाल लिहिला. त्यात त्या झाडाला एक क्रमांक आहे आणि शोध लावणारी म्हणून दलेंदाचं नाव आहे. लल्ला जनातना क्रमांक मान्य नव्हता. त्यांना कार्यालयाचं नाव हवं होतं, आणि त्यावरून त्या सी शुक्रींशी अर्धा तास भांडल्या. गावात मात्र त्याला सगळे जावईच म्हणतात. बीर लाहमरमध्ये पिस्त्याची नवी बाग लावायची म्हटलं, की लोक आधी विचारतात, "जावयाच्या काड्या मिळतील का?" आणि दलेंदा म्हणते, "मिळतील. किती हव्यात ते सांगा."